अर्धं राज्य आणि राजकन्या: गोव्यातल्या गोष्टी

तिसवाडीकर

आपल्या गोष्टीतला राजा खूश झाला की मुलगी देतो आणि वर अर्धं राज्य देतो. ते अर्धं पुढे मोजलं कुणी, उताऱ्यावर जावयाचं नाव चढलं का, मेहुण्यांनी हरकत घेतली का, हे कुणी विचारत नाही. गोव्यात नवरा-बायकोचं निम्मं-निम्मं कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि तरीही आमच्याकडची सगळ्यात गाजलेली थोर-गरीब प्रेमकथा कुठली, तर समुद्रात उडी मारून संपणारी! हे मला बरेच दिवस खुपतंय, म्हणून धागा.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. दोना पावला ही व्हॉइसरॉयची मुलगी. गास्पार दियश नावाच्या गरीब कोळ्यावर तिचं मन बसलं, बाप आडवा आला, तिने कड्यावरून उडी घेतली, आणि अजूनही चांदण्या रात्री ती मोत्यांची माळ घालून लाटांतून वर येते. जेटीवरचे टॅक्सीवाले, शहाळेवाले, टोपीवाले सगळे हेच सांगतात. सांगणाऱ्यागणिक कोळी कधी तरणाबांड, कधी लग्न झालेला.

बाई खरीच होती. पावला द आमाराल आंतोनियु द सौतु मायोर असं लांबलचक नाव. बाप श्रीलंकेतल्या जाफनापट्टणचा पोर्तुगीज कारभारी. कुटुंब 1644 मध्ये गोव्यात आलं. 1656 मध्ये तिचं लग्न झालं ते दों आंतोनियु द सौतु मायोर या खानदानी माणसाशी, म्हणजे अगदी तोलामोलाचं स्थळ. 1682 च्या डिसेंबरात ती वारली. काबोला राज्यपालांच्या निवासातल्या चॅपेलमध्ये तिच्या नावाची शिळा आहे. त्या भागात या घराण्याच्या जमिनी होत्या, गावाला तिचं नाव पडलं ते त्यातून. उडीबिडी काही नाही.

आणि तो 'कोळी'? मिरामारला जुने पणजीकर अजून गास्पार दियश म्हणतात, ते नाव तिथल्या एका जमीनदाराचं. त्या नावाचा किल्ला होता, टेनिस क्लब आजही आहे. म्हणजे शेजारच्या भाटकाराला लोकांनी गोष्टीत होडी आणि जाळं देऊन टाकलं. जेटीजवळचा तो पांढरा जोडपुतळा, ज्याच्यापुढे 'हीच ती दोघं' म्हणून फोटो निघतात, तो बॅरोनेस यर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीने 1969 मध्ये केला. नाव 'इमेज ऑफ इंडिया'. दोना पावलाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

एवढं सगळं रचलं, मग लग्न लावून द्यायला काय हरकत होती? गोष्टच तर होती. माझं मत असं की लग्न लावलं की पुढचं सांगावं लागतं. व्हॉइसरॉयची मुलगी कोळ्याच्या घरात रोज काय करणार, सासू तिला काय म्हणून हाक मारणार, बापाकडे सणाला जाताना नवरा दारात उभा राहणार की आत. उडी मारायला लावली की यातलं काहीच सांगायला नको.

तुमच्या गावात भाटकार-मुंडकारांत लग्नं झाली असतील तर सांगा. प्रेम कसं जमलं ते नको, नंतरचं हवं.

(गोव्याबाहेरच्यांसाठी: भाटकार म्हणजे जमीनमालक. मुंडकार म्हणजे त्याच्या भाटात (बागायतीत), त्याच्या मर्जीने, घर करून राहणारा. घर याचं, जमीन त्याची.)

काजूबोंड

उडी नसेल तर पॉइंट कसा होणार? 'इथे दोना पावला नवऱ्याबरोबर सुखाने नांदली' असं सांगून टोपी कोण विकत घेईल! वाचतोय.

मुळामुठा

धागा आवडला. पण हे निम्मं-निम्मं नक्की काय आहे? लग्नानंतर कमावलेलं ना? वाडवडिलांचं कसं निम्मं होईल? माझ्या मैत्रिणीचं म्हापशाच्या मुलाशी ठरतंय. त्यांच्याकडे जमीनजुमला भरपूर, आणि ही दोन खोल्यांच्या घरातली. आई म्हणते, आपण त्यांच्यापुढे कुठे पुरणार. म्हणून विचारते.

दस्तलेखक

वकिलाच्या ऑफिसात खतं लिहिण्यात आयुष्य गेलं, तेव्हा हे माझ्या हातचं.

1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा. 1961 ला पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहे, तो 2016 मध्ये लागू झाला. लग्नाआधी दोघांनी काही करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची एकत्र. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने येणारी, सगळी. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तेच. अपवाद आहेत, उदाहरणार्थ देणाऱ्याने मृत्युपत्रात किंवा दानपत्रात 'एकत्र मालमत्तेत धरू नये' असं लिहिलं असेल तर. पण म्हणून सून उंबऱ्यात माप ओलांडते आणि अर्धी भाटं तिची होतात असं नाही. सासरा हयात असताना मुलाचंच काही नसतं. सासरा गेला, मुलाचा वाटा उघडला, की त्या वाट्यात बायको बरोबरीची.

म्हणून आमच्याकडचं विक्रीखत बघा. चार भावांची जमीन असली तर सह्या आठ. बहिणी असल्या तर त्या आणि त्यांचे नवरे. एक सही अडली की व्यवहार अडला. एकदा एका भाटकार घराच्या धाकट्या सुनेसाठी दिल्लीचा खरेदीदार दुपारभर आमच्या बाकावर बसून होता. ही सून गरीब घरची. तिच्या लग्नात सासरची निम्मी माणसं आली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत. ती आली, पाणी प्यायली, पिशवीतून चष्मा काढला आणि खत पहिल्या पानापासून वाचायला लागली. दीर घड्याळ बघतोय. बारा-तेरा पानं झाल्यावर एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बांयचें पाणी आमी वाड्यावयले सगळे भरतात. बांय हातूंत कशी?" विहीर खरंच त्यात जायला नको होती. खत परत टाइप झालं.

दुसरं. 'त्या मुलीशी लग्न केलंस तर दमडी मिळणार नाही' हा डायलॉग इथे अर्धाच चालतो. आईबापांना आपलं निम्मंच मर्जीप्रमाणे देता येतं, बाकीचं निम्मं मुलांचं राखीव. ते तोडायला कायद्यात मोजकी कारणं आहेत. प्रेम त्यात नाही.

काजूबोंड

म्हणजे राजाने दवंडी पिटायची गरजच नाही. सब-रजिस्ट्रारच पिटतो.

कुरुक्षेत्री

दस्तलेखक, दंडवत. तुमचा प्रतिसाद वाचताना शंतनू आठवला. तिथे तर दोना पावलाच उलटी आहे: राजा वरचा, मुलगी नाववाल्याची. आणि तिचा बाप काय करतो? राजा दारात आला म्हणून हुरळून जात नाही. आधी अट घालतो, माझ्या मुलीचा मुलगा गादीवर बसणार असेल तरच. राजा हात हलवत परत जातो. मग देवव्रत येऊन राज्य सोडतो, तरी दाशराजाचं समाधान नाही. तुझं ठीक, तुझ्या मुलांचं काय? तेव्हा कुठे ती प्रतिज्ञा. आपण भीष्माला हार घालतो, पण त्या नाववाल्याची नजर बघा. राजवाड्यात मुलगी देताना नातवंडांपर्यंतचं बघून घेणारा माणूस. प्रेमात पडलेला शंतनू त्याच्यापुढे अगदीच कच्चा.

डिचोलीची बाय

तिसवाडीकर, नंतरचं हवं म्हणालात ना, हे घ्या. आमच्या शेजारचं घर. नावं नाहीत, गावही बदललंय.

भाटकाराचा धाकटा मुलगा शाळामास्तर. मुलगी त्यांच्याच मुंडकाराची, ती बालवाडीत. लग्न देवळात झालं, फार तमाशा झाला नाही, कारण मास्तर हट्टाला पेटला की कुणाचं ऐकत नसे. सासू वाईट नव्हती. सुनेला तिने नऊवारी नेसायला शिकवलं, देवाची भांडी घासायला दिली, आल्यागेल्याला 'आमची सून' म्हणून ओळख करून दिली.

मग चवथ (गणेशचतुर्थी) आली. चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या छताचं, रानातलं सामान मुंडकाराने आणून द्यायचं हा त्या घरचा रिवाज. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड. दरवर्षी मुलीचा बाप पहाटे रानात जायचा आणि टोपली परसदारी आणून ठेवायचा. भाटकारीण त्याला सुपात तांदूळ, नारळ आणि गूळ द्यायची. त्या वर्षी काय होणार म्हणून आम्ही सगळी वाड्यावरची माणसं कान टवकारून. तो आला. नेहमीसारखा मागल्या दारी, नेहमीसारखा उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा. सासूने नेहमीसारखं सूप भरलं. आणि द्यायला सुनेच्या हातात दिलं.

तिने दिलं. बापाने घेतलं. "देव बरें करूं, बाय" म्हणाला. आपल्या मुलीला! भाटकाराच्या घरातल्या बाईला म्हणायचं तेच तोंडात बसलेलं.

सासूने मुद्दाम केलं असं मला अजून वाटत नाही. तिच्या डोक्यात आलंच नाही की आता हा व्याही आहे. पुढच्या वर्षी मास्तर चवथीच्या आदल्या दिवशी स्वतः कोयता घेऊन सासऱ्याबरोबर रानात गेला. दोघं टोपल्या घेऊन आले, मास्तर पुढच्या दाराने चढला आणि मागे वळून म्हणाला, "यो मरे." (म्हणजे 'ये रे'. जावई सासऱ्याला मरे म्हणतो का? हा म्हणाला.) म्हातारा ओसरीपर्यंत आला. आत मात्र तो कधीच बसला नाही. चहा ओसरीवरच.

मास्तरांच्या मुलांनी सगळा खाक्या मोडला. त्यांना आजोबा म्हणजे आजोबा, दोन्हीकडचे. ती त्याला ओढत देवाच्या खोलीत नेत. त्याच्या तोंडचं 'बाय' मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

मुळामुठा

बाय, सूप सुनेच्या हातात दिलं इथे थांबले वाचताना.

पण एक विचारू? सगळे 'भाटकार-मुंडकार', 'वरचे-खालचे' म्हणताय. जात म्हणायला जीभ का अडखळते? गरिबी तर नोकरी लागली की जाते. मास्तरची बायको पण बालवाडीत पगार घेत होती. मग बापाला ओसरीवर कशाने बसवलं?

डिचोलीची बाय

दोन्ही होतं. मुद्दाम लिहिलं नाही, कारण जात लिहिली की धागा दुसरीकडे जातो आणि उद्या कुलूप लागतं.

देवळामागचं घर

कुलूप लागलं तर लागू दे.

गोव्यात वरच्या पुरुषाने खालच्या बाईवर प्रेम केल्याच्या गोष्टी हव्यात? हव्या तेवढ्या आहेत. कलावंतिणीचं घर देवळामागे, यजमानाचं देवळासमोर. यजमान संध्याकाळी यायचा. काही वर्षानुवर्षं एकीकडेच येत, जीव लावत, आजारपणात वैद्य पाठवत, मुलांना गाण्याची तालीम देववत. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण मुलगा बापाचं नाव लावत नसे, आणि बाप मेला की बातमी घरी यायची, माणूस यायचा नाही. तुम्ही लोक विचारताय परिकथेत लग्नानंतर काय होतं. आमच्याकडे लग्नाशिवाय सगळं होतं.

मग समाजाने स्वतःच ते बंद केलं. गोमंतक मराठा समाज उभा राहिला, मुलींना शाळेत घातलं, शेंसविधी (मुलीला देवळाच्या सेवेला वाहण्याचे विधी) थांबवले, साधीसुधी लग्नं लावली. आमच्या पणजीच्या बहिणीचं लग्न एका कारकुनाशी झालं, त्याचं कौतुक आमच्या घरात अजून होतं. राजपुत्र नको होता कुणाला, मांडवात बसून अक्षता टाकलेला नवरा हवा होता.

आणि 1963 मध्ये त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1964 चा कूळ कायदा त्यांच्या कारकिर्दीतला, 1975 चा मुंडकार कायदा त्यांच्या मुलीच्या, पुढच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या. ज्या भाटकारांपुढे लोक पायऱ्यांखाली उभे राहत, त्यांना मामलेदाराच्या कचेरीत बाकावर बसवलं ते यांनी. प्रेमकथांनी नव्हे.

कुरुक्षेत्री

देवळामागचं घर, मानलं. यावर काही बोलायला मला तोंड नाही.

काजूबोंड

आज विनोद नाही.

अवांतर: मामलेदाराच्या कचेरीतली मुंडकार प्रकरणं अजून चालू आहेत बरं का, 1975 पासून. आमच्या वाड्यावर दोन आहेत. एकात अर्जदार वारला, प्रतिवादी वारला, दोघांची मुलं एकाच रिक्षाने तारखेला जातात.

खाजन

एरवी मी इथे फक्त वाचतो. काजूबोंडच्या शेवटच्या ओळीने लिहायला लावलं.

माझी आई मुंडकाराची मुलगी, बाबा भाटकाराचे मधले चिरंजीव. सासष्टीतलं घर. प्रेमाचं मला माहीत नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कायदा आल्यावर घराची जागा विकत मिळावी म्हणून मामलेदाराकडे अर्ज केलेला. गावात असेल तर 300 चौरस मीटरपर्यंत जागा मिळते, ठरवलेली किंमत भरायची. समोर प्रतिवादी म्हणून बाबांचे वडील. हा खटला चालू असताना आई-बाबांचं लग्न झालं. करार वगैरे कुणी केला नाही, बाबांच्या वडिलांना हे लग्न टिकेल असंच वाटत नव्हतं, मग करार कशाला.

लग्नाच्या दिवशीही खटला चालू. तारखेला दोन्ही आजोबा कचेरीत समोरासमोर, आणि तारीख संपली की बाहेर एकमेकांना न बघता नातवाची चौकशी करायचे. दोघांच्यामधे वकिलाचा शिपाई निरोप्या. हे आई सांगते तेव्हा हसते.

मग भाटकार आजोबा गेले. वारसांना प्रकरणात आणावं लागतं. आजी, चार मुलं, त्यांच्या बायका. दस्तलेखकांनी वर लिहिलंय तेच: वाटा उघडला, सून आली. आईच्या नावाने नोटीस घरी. अर्जदार तिचा बाप, प्रतिवादी क्रमांक पाच ती.

बाबा म्हणाले, सोपं आहे, आपण सगळे लिहून देऊ की जागा त्यांची, हरकत नाही, किंमतही नको. काकाही तयार झाले. एक काका कुरकुरला, पण आजीने त्याला गप्प केलं. आई पत्र घेऊन माहेरी गेली. आणि तिच्या बापाने नको म्हटलं.

हरकत नाही हे चालेल म्हणाला. पण फुकट नको. लेकीकडचं पाणीसुद्धा जपून पितात, तिच्याकडून जमीन घेऊ? कायद्याने जे भरायचं ते भरीन. आई खूप रडली म्हणे. तिला वाटलं बाप आपल्याला परकी करतोय. आजोबांनी मामलेदाराने ठरवलेली रक्कम हप्त्याने भरली. दाखला हातात आला तेव्हा आईला बोलावून घेतलं आणि तिला जेवायला पाटावर बसवून म्हणाले, "आतां यो, आतां हें म्हजें घर."

लग्नानंतर आई माहेरी कधी मुक्कामाला राहिली नव्हती. 'भाटकाराची सून मुंडकाराच्या घरात झोपते' हे आजोबांनाच सहन व्हायचं नाही. त्या रात्री राहिली.

डिचोलीची बाय

खाजन, तुमच्या आजोबांनी किंमत भरली ती जमिनीची नव्हे हो.

तिसवाडीकर

काल रात्री हे वाचून आज परत वाचलं. देवळामागचं घर यांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खाजन यांच्या गोष्टीत तर कायदा आणि प्रेम दोन्ही आहेत, आणि दोघांनाही आजोबांपुढे थांबावं लागलं.

मी सुरुवातीला निम्मं-निम्मं म्हणून फार उत्साहाने लिहिलं. माझा मुद्दा अजून आहेच, पण इथल्या दोन्ही गोष्टींत भांडण हिश्शाचं नाही. बाप कुठल्या दाराने येतो आणि काय हातात घेऊन जातो, त्याचं आहे.

मुळामुठा

मैत्रिणीला धागा पाठवला. तिने एकच विचारलं. मुलाकडच्यांनी कालच फोन करून सांगितलंय की लग्नाआधी एका कागदावर सही हवी, 'सगळेच करतात'. काय करावं?

दस्तलेखक

सगळे करत नाहीत. करार कसला आहे ते विचारा: संपूर्ण वेगळी मालमत्ता, की फक्त लग्नाआधीची वेगळी आणि पुढची एकत्र? दुसरा प्रकार पुष्कळदा वाजवी असतो. मसुदा आठवडाभर आधी मागा, सहीच्या दिवशी नको. वाचायला स्वतःचा वकील घ्या, त्यांचा नको. लग्न झाल्यावर हा करार बदलत नाही, म्हणून 'नंतर बघू' याला अर्थ नाही.

आणि तिच्या आईला सांगा, दोन खोल्यांचं घर असलं तरी तेही कागदात लिहून घ्या. एकत्र म्हटलं तर ते पण एकत्र होतं.

मुळामुठा

तिच्या आईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे आमच्या घरातलं निम्मं त्यांचं होणार?" आणि पहिल्यांदा चिंता सोडून वकिलाचा नंबर मागितला.